हमिंगबर्डचा फीडर आणि दिल्लीचा शकरखोरा : गॅलरीतील साखरपाण्याचे गणित

नवी दिल्ली : दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राममधील एखाद्या बहुमजली इमारतीच्या गॅलरीत लाल बुडाची, प्लास्टिकची फुले बसवलेली बाटली टांगलेली दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. ऑनलाइन बाजारात ती ‘हमिंगबर्ड फीडर’ या नावाने सहज मिळते. एक भाग साखर आणि चार भाग पाणी, अशी तिच्यात भरावयाच्या कृत्रिम मकरंदाची कृतीही बहुतेकांना ठाऊक असते. कृती चुकीची नाही. मात्र ती ज्या पक्ष्यासाठी ठरवली गेली, तो पक्षी भारतात राहत नाही. ज्या हवामानासाठी ती लिहिली गेली, ते हवामानही दिल्लीचे नाही. म्हणूनच बाटली भरण्यापूर्वी ती कोणासाठी भरली जात आहे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

हमिंगबर्डच्या सुमारे साडेतीनशे जाती आहेत आणि त्या सर्व उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आणि लगतच्या बेटांवर आढळतात. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसदृश पक्ष्यांचे जीवाश्म सापडले असून २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाल्यावर शास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटले होते. आज मात्र युरोप, आफ्रिका किंवा आशियात एकही हमिंगबर्ड रानात आढळत नाही. भारतात ‘हमिंगबर्ड पाहिला’ असे सांगणाऱ्यांनी बहुधा दोहोंपैकी एक जीव पाहिलेला असतो. एक म्हणजे हॉकमॉथ हा पतंग. तो संध्याकाळच्या सुमारास फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने रस शोषतो आणि पाहणाऱ्याला हमखास चकवतो. दुसरा म्हणजे शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी.

दिल्लीच्या गॅलरीत येणारा पाहुणा हा दुसरा असतो. जांभळा शिंजीर राजधानीत वर्षभर दिसतो. लांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास, वजन दहा ग्रॅमपेक्षा कमी, चोच बारीक आणि खाली वळलेली. विणीच्या हंगामातील नर लांबून काळा दिसतो, पण ऊन पडताच त्याच्यावर निळ्या-जांभळ्या रंगाची धातूसारखी झळाळी उमटते. मादी वरून फिकट ऑलिव्ह आणि पोटाकडून पिवळसर असते. विणीचा हंगाम सरला की नराची झळाळी जाते, तोही मादीसारखा दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारा काळसर पट्टा तेवढा उरतो. अनेकांना हा वेगळाच पक्षी वाटतो.

उत्तरेत त्याला शकरखोरा म्हणतात, म्हणजे साखर खाणारा. शकरखोऱ्याला देव साखर पुरवतोच, अशा अर्थाची म्हण हिंदी-उर्दूत आहे. मराठीतील ‘साखरेचे खाणार त्याला देव देणार’ ही म्हण तिचीच बहीण म्हणावी लागेल. पक्ष्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही म्हणी अर्ध्याच खऱ्या आहेत. शिंजीर केवळ साखरेवर जगत नाही, आणि फीडरचा सारा प्रश्न येथेच सुरू होतो.

मकरंद हे शिंजिराचे इंधन आहे. त्याच्या इवल्या शरीराची ऊर्जेची गरज मोठी असल्याने त्याला दिवसभर फुलांवर फिरावे लागते. पण स्नायू, पिसे आणि अंडी साखरेपासून बनत नाहीत. त्यासाठी लागणारी प्रथिने तो कोळी, मावा, लहान माश्या आणि अळ्या यांच्यातून मिळवतो. पिलांचा आहार तर मुख्यतः कीटक व कोळी यांचाच असतो. उत्तर भारतात त्याची वीण साधारणपणे मार्च ते जून या काळात, पावसाळ्यापूर्वी होते. मे आणि जूनच्या काहिलीत, नेमक्या ज्या दिवसांत माणसाला पक्ष्यांची दया येते आणि बाटली टांगली जाते, त्या दिवसांत शिंजिराच्या घरट्यातील पिलांना साखर नव्हे तर किडे हवे असतात. त्याच सोसायटीच्या बागेत कीटकनाशकाची फवारणी होत असेल, तर वरच्या मजल्यावरील साखरपाणी पिलांच्या उपयोगाचे राहत नाही.

हमिंगबर्ड आणि शिंजीर दिसायला सारखे असले तरी ते एकमेकांचे आप्त नाहीत. हमिंगबर्डचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या, तर शिंजीर चिमणीसारख्या डहाळीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला. फुलांतील रस पिण्याच्या एकाच व्यवसायाने दोघांना लांब चोच, विशिष्ट घडणीची जीभ आणि झळाळती पिसे दिली. याचा व्यावहारिक परिणाम फीडरवर दिसतो. हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून, प्रसंगी मागे सरकत, रस पितो. शिंजिरालाही क्षणभर तरंगता येते, पण त्याची पसंती फांदीला किंवा देठाला धरून बसण्याला असते. त्यामुळे बसायला दांडी नसलेला फीडर त्याला फारसा सोयीचा नसतो.

आता कृतीकडे. एक आणि चार हे प्रमाण मापाचे आहे, वजनाचे नाही. एक वाटी साखर घेतली तर त्याच वाटीने चार वाट्या पाणी घ्यावयाचे. तयार द्रावणात साखरेचे प्रमाण वजनाने साधारण १७ ते १८ टक्के येते आणि ते अनेक फुलांतील मकरंदाच्या जवळपास असते. शिंजीर ज्या फुलांवर जातो, त्यांतील काहींचा रस याहून पातळ असतो. त्यामुळे द्रावण अधिक गोड करण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात तर मुळीच नाही, कारण दाट पाक पिणाऱ्या पक्ष्याला त्यातून पुरेसे पाणी मिळत नाही. साखर विरघळेपर्यंत पाणी एक-दोन मिनिटे उकळावे, झाकून पूर्ण गार करावे आणि उरलेले द्रावण फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावे.

साखर साधी, पांढरी, दाणेदार हवी. तिच्यातील सुक्रोज ही शर्करा अनेक फुलांच्या रसातही असते. खडीसाखरही चालू शकते. दळलेल्या साखरेत काही वेळा स्टार्च मिसळलेला असतो, म्हणून ती टाळावी. भारतीय घरात मोह होतो तो गुळाचा आणि मधाचा, कारण दोन्ही माणसाला ‘नैसर्गिक’ आणि पौष्टिक वाटतात. पक्ष्याच्या बाबतीत हा तर्क उलटतो. गूळ व तपकिरी साखरेत लोह असते आणि मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या शरीरात जादा लोह साठून यकृताला इजा होऊ शकते. मध पाण्यात मिसळला की त्यात बुरशी आणि यीस्ट झपाट्याने वाढतात. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांतून तर ऊर्जाच मिळत नाही. पक्षी पोट भरल्याच्या समजुतीने उपाशी राहण्याचा धोका असतो.

लाल रंगाबाबतही असाच गैरसमज आहे. पाण्यात खाण्याचा रंग किंवा गुलाबाचे सरबत घालण्याची गरज नाही. पक्ष्याला बोलावण्यासाठी बाटलीचा लाल भाग पुरतो, पोटात रंग जाण्याने त्याचा काहीही लाभ होत नाही. अमेरिकेतही द्रावणात रंग न घालण्याचाच सल्ला दिला जातो.

खरी अडचण तयार करण्यात नाही, टिकवण्यात आहे. हमिंगबर्डच्या देशांतील सूचनांनुसार थंड हवेत द्रावण काही दिवस चालते आणि पारा ३२ अंशांच्या वर गेला की रोज बदलावे लागते. दिल्लीत एप्रिल ते जून या काळात हा आकडा सकाळीच ओलांडला जातो. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पश्चिमेकडे उघडणाऱ्या, काँक्रीटने तापलेल्या गॅलरीत प्लास्टिकच्या बाटलीतले द्रावण त्याहून अधिक गरम होते आणि काही तासांतच आंबू लागते. धुळीचे वादळ येऊन गेले तर नळीच्या तोंडाशी मातीचा थर बसतो तो वेगळाच. द्रावण गढूळ दिसले, त्यात तंतू तरंगले किंवा आंबूस वास आला, तर ते केव्हाच खराब झालेले असते.

म्हणून दिल्लीच्या उन्हाळ्यात फीडर ठेवायचाच असेल तर बाटली भरू नये. तळाशी जेमतेम दोन-तीन चमचे द्रावण सकाळी घालावे, सावलीत टांगावे आणि दुपारपूर्वी उरलेले फेकून द्यावे. प्रत्येक वेळी बाटली सुटी करून गरम पाण्याने आणि ब्रशने धुवावी. काळे डाग दिसल्यास ती पाण्यात थोडा व्हिनेगर घालून भिजवावी आणि नंतर भरपूर पाण्याने खळखळून घ्यावी. हे रोज करणे शक्य नसेल, गावी जायचे असेल, घरातील कामांत विसर पडत असेल, तर बाटली न टांगणे हीच पक्ष्याची सेवा होय. घाणेरडा फीडर हा रिकाम्या फीडरपेक्षा वाईट.

ही भीती काल्पनिक नाही. अनेक पक्षी एकाच ठिकाणी, एकाच तोंडाशी येऊ लागले की रोगाला वाट मिळते. ब्रिटनमध्ये २००५-०६ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिस हा परजीवीजन्य रोग पसरला. बागांतील दाणापाण्याच्या जागा त्याच्या प्रसाराला कारणीभूत ठरल्या आणि एकेकाळी सर्वत्र दिसणारा हा पक्षी २०२१ मध्ये तेथील चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेल. शिंजिरांचे थवे कबुतरांसारखे जमत नाहीत आणि त्यांच्यापासून माणसाला तसा उपद्रवही नाही. तरीही पक्ष्याला खाऊ घालणे ही केवळ खासगी पुण्याची बाब नसते, हे दोन्ही प्रसंगांतून दिसते.

शिवाय साखरेचे निमंत्रण फक्त शिंजिराला जात नाही. मुंग्या प्रथम येतात, मागोमाग मधमाश्या आणि गांधीलमाश्या. आग्या मधमाश्यांची पोळी उंच इमारतींना लागलेली असतात आणि गोड द्रावण सापडल्यास त्या मोठ्या संख्येने जमतात. घरात लहान मुले असतील तर हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. खारी बाटलीची टोपणे कुरतडतात. ज्या वसाहतींत माकडांचा वावर आहे तेथे तर फीडर म्हणजे त्यांना गॅलरीत येण्याचे आमंत्रण. दिल्लीकराला यावर अधिक सांगण्याची गरज नसावी.

पक्ष्यांतही सर्वांना साखर मानवत नाही. बुलबुल आणि चष्मेवाला हे पक्षी फुलांच्या रसाबरोबर फीडरवरही येऊ शकतात. साळुंकी आणि भोरडी यांच्या कुळातील अभ्यासलेल्या पक्ष्यांत मात्र सुक्रोजचे विघटन करणारे विकर नसल्याचे आढळले आहे. हे पक्षी पळसावर आणि सावरीवर गर्दी करून रस पितात खरे, पण त्या रसात प्रामुख्याने ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करा असतात. दुकानातील साखर ही त्यांच्यासाठी वेगळीच वस्तू आहे.

आणखी एक प्रश्न फुलांच्या बाजूने विचारायला हवा. शिंजीर रस पिताना डोक्याला व चोचीला लागलेले परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतो. कधी तो लांब नळीच्या फुलाला तळाशी भोक पाडून परागसिंचन न करताच रस पळवतो, हेही खरे, पण एकूण व्यवहार झाडाच्या फायद्याचा असतो. प्लास्टिकच्या फुलाला परागसिंचनाची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या उपनगरांना लागून असलेल्या फाइनबॉस या झुडपी प्रदेशात सूर्यपक्ष्यांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साखरपाण्याच्या फीडरमुळे लगतच्या नैसर्गिक झाडोऱ्यातील सूर्यपक्ष्यांची संख्या आणि फुलांना होणाऱ्या त्यांच्या भेटी घटल्याचे त्यात आढळले. दिल्लीची स्थिती तंतोतंत तशी नाही. परंतु अरवलीच्या टेकड्यांना आणि रिजच्या जंगलाला खेटून उभ्या राहिलेल्या गुरुग्राम व दक्षिण दिल्लीच्या वसाहतींनी या निष्कर्षाकडे काणाडोळा करू नये.

मग शकरखोऱ्याला बोलवायचे कसे? उत्तर जुनेच आहे, झाड लावून. झाडावर मकरंद मिळतो, तो दिवसभर ताजा भरला जातो, बाटली धुवावी लागत नाही आणि त्याच झाडावर पिलांसाठी लागणारे किडे व कोळीही मिळतात. दिल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलतात, पाठोपाठ पळस पेटतो. अडुळसा हिवाळ्यापासून वसंतापर्यंत फुललेला असतो. नेपतीची विटकरी-लाल फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. दिल्लीतील रोपवाटिकांत ही नावे चालत नाहीत. तेथे सावरीला सेमल, पळसाला ढाक, अडुळशाला बांसा किंवा वासा आणि नेपतीला कैर म्हणून विचारावे लागते. प्रदीप कृष्ण यांचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ट्रीज ऑफ दिल्ली’ हे पुस्तक राजधानीतील वृक्षांची ओळख करून घेण्यासाठी आजही उपयोगी पडते.

पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष पाहायचे असेल तर गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान आहे. खाणकामाने उजाड झालेल्या या जमिनीवर २०१० पासून अरवलीतील मूळच्या वनस्पतींची लागवड करण्यात आली. २०२२ मध्ये ‘अन्य परिणामकारक क्षेत्राधारित संवर्धन उपाय’ या आंतरराष्ट्रीय वर्गात समाविष्ट झालेले ते देशातील पहिले ठिकाण ठरले. उत्तर दिल्लीत यमुनाकाठी असलेले यमुना जैवविविधता उद्यानही याच धर्तीचे. विलायती किकर, म्हणजे महाराष्ट्रात जिला वेडी बाभूळ म्हणतात तिने, दिल्लीच्या रिजवर जी जागा व्यापली आहे, तेथे मूळची झाडे परत आणण्याचे काम किती चिवट आहे, हे या दोन्ही ठिकाणी फिरताना लक्षात येते.

दहाव्या मजल्यावर पळस लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण मोठ्या कुंडीत अडुळसा येतो, डाळिंब येते, एकेरी पाकळ्यांची जास्वंद येते. कोरफडीला फुलोरा आला की शिंजीर त्यावरही उतरतो. रसेलिया आणि हॅमेलिया ही लाल-केशरी नळीदार फुलांची झुडपेही आहेत. यातील गंमत अशी की हॅमेलिया मूळची अमेरिका खंडातील असून तिकडे तिच्या फुलांवर हमिंगबर्ड येतात. इकडे दिल्लीच्या कुंपणांवर तीच फुले शिंजीर चोखतो. म्हणजे हमिंगबर्डचा फीडर भारतात आणायचाच असेल, तर तो या रूपात आणणे अधिक शहाणपणाचे. ही झुडपे कुंडीतली आणि छाटणीतली असावीत. घाणेरी मात्र टाळावी. तिच्यावर फुलपाखरे येतात हे खरे असले तरी देशभरातील जंगलांत तिने घातलेला धुमाकूळ पाहता नवी रोपे लावण्याचे समर्थन करता येत नाही. आणि फुलांवर फवारणी करायची नाही, ही अट कोणत्याही झाडाला लागू आहे.

उन्हाळ्यात साखरेहून मोलाचे ते साधे पाणी. पसरट, उथळ मातीचे भांडे सावलीत ठेवावे आणि रोज घासून पाणी बदलावे. शिंजिराला भांड्यात उतरून स्नान करण्यापेक्षा ओल्या पानांवर अंग घासणे आवडते. सकाळी झाडांना पाणी घालताना पानांवर शिंपण केले तर तो तेथेच येतो. चांदणी चौकातील जैन पक्षी रुग्णालयासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात उष्माघाताने कोसळलेले पक्षी आणले जातात. असा पक्षी आढळल्यास त्याच्या चोचीत जबरदस्तीने साखरपाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हवेशीर खोक्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवून त्याला उपचारांसाठी नेणे योग्य.

गॅलरीत झाडे असली की कधी कधी शिंजीर तेथेच घर करतो. मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालींचे कपटे आणि सुके गवत गुंफून पिशवीसारखे घरटे विणते. ते फांदीला, वेलीला, क्वचित कपडे वाळत घालण्याच्या तारेलाही लटकलेले असते आणि त्याच्या दारावर छोटी पडवी असते. लांबून ते वाऱ्याने अडकलेला केरकचराच वाटते. झाडू फिरवण्यापूर्वी म्हणूनच नीट पाहावे. अंडी सुमारे दोन आठवडे उबवली जातात, पिले उडायला आणखी साधारण तेवढाच काळ लागतो. या काळात कुंडी हलवू नये, घरट्याजवळ जाऊन छायाचित्रे काढू नयेत आणि जवळ फीडरही टांगू नये, कारण त्यावर येणारे इतर प्राणी घरट्यापर्यंत पोहोचतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्याच्या अंड्यांना वा घरट्याला इजा पोहोचवणे हा ‘शिकारी’च्या व्याख्येत मोडणारा गुन्हा आहे.

ज्यांच्याकडे आधीच फीडर आहे आणि त्यावर शिंजिरांची नियमित ये-जा आहे, त्यांनी तो ऐन मे महिन्यात एकाएकी काढून टाकू नये. पावसाळ्यात हॅमेलिया, अडुळसा किंवा डाळिंबाची कुंडी तयार करावी, हिवाळाभर बाटलीतील द्रावण हळूहळू कमी करत न्यावे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, रस्त्याकडेच्या सावरी लाल झाल्या की बाटली उतरवावी. त्या दिवसांत शकरखोऱ्याला तिची आठवणही राहत नाही.